वीसपैकी वीस

बाबा, आज सकाळी क्लिनिकमध्ये तुमच्यासारखाच एक गृहस्थ आला होता आणि त्याला मी चौथ्या स्पर्शालाच पकडलं. सिंहगड रस्त्यावरच्या कुठल्याशा सोसायटीत राहणारा, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला, बारा वर्षं साखर अंगात मुरलेली, कडक इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला दोन पेनं. सून सोबत होती. डोळे मिटा म्हटल्यावर त्याने पापण्यांत बारीकशी फट ठेवली, म्हणून मी सरळ नॅपकिन टाकला तोंडावर. मग दोरा हातात घेतला, तळपायाजवळ नेला आणि लावलाच नाही, नुसती ॲप्रनची बाही हलवली. "हो," नॅपकिनखालून आवाज आला. मी म्हटलं, "काका, मी हात लावलेलाच नाही." तर ताडकन उठून बसला आणि म्हणाला, "म्हणजे तुम्ही पेशंटला फसवता होय?" सून फिस्सकन हसली. मी त्याच्या कार्डावर अकरा लिहिले. "परत एकदा घ्या," म्हणाला. "पायांची फेरपरीक्षा नसते," मी म्हटलं आणि त्याला रोज रात्री तळपाय आरशात बघायला सांगून वाटेला लावलं. त्याच्या पाठीकडे बघताना मला तुमचा इतका राग आला, की दुपारच्या दोन अपॉइंटमेंट पुढे ढकलून हे लिहायला बसले आहे.

ती परीक्षा तुम्हाला आठवत असेल. नापास झालेली परीक्षा माणूस सहसा विसरत नाही, पण तुम्हाला आपण नापास झालो हे ठाऊकच नव्हतं, तेव्हा सांगते. नायलॉनचा एक ताठ दोरा असतो. तो तळपायाला टेकवून वाकेपर्यंत दाबायचा. एका पायावर दहा जागा, दोन्ही मिळून वीस. पेशंटने डोळे मिटून पडायचं, कळलं तर हो म्हणायचं, नाही कळलं तर गप्प बसायचं. बस, एवढंच. यात अभ्यास करण्यासारखं काही नाही, पाठांतर नाही, आकृती नाही. तिसरीतलं पोर देईल अशी परीक्षा. तीत कॉपी करण्याचा पराक्रम करायला तीस वर्षं विज्ञान शिकवलेला शिक्षकच लागतो.

शाळेत तुम्हाला सर म्हणायचं आणि घरात बाबा, असा नियम तुम्ही मला पाचवीत घालून दिला होता. वर्गात चुकून बाबा म्हटलं तर अंगठे धरून उभी करायचात. नववीला चेतासंस्था शिकवण्यात तुमचा हात धरणारं कोणी नाही, असं तुमचं स्वतःचं मत होतं आणि तुम्ही ते दरवर्षी वर्गाला ऐकवायचात. फळ्यावर मोठा तळपाय काढायचात, त्यात रुतलेली टाचणी, टाचणीपासून वर मेरुरज्जूपर्यंत एक बाण, तिथून वळून मांडीच्या स्नायूपर्यंत दुसरा. "टाचणी टोचली. पाय उचलला. मेंदूला विचारलं का? नाही विचारलं. मेंदूला नंतर कळतं. याला म्हणतात प्रतिक्षिप्त क्रिया." मग डस्टर घेऊन एखाद्या मुलाच्या गुडघ्याखाली ठक्कन मारायचात, पाय उडायचा, वर्ग हसायचा. ती टाचणी दरवर्षी त्याच पायात, त्याच टाचेत रुतायची. तुमच्या त्या टाचणीचा विचार मी पुढे फार केला आहे.

त्याच्याही आधी, मी आठेक वर्षांची असताना, आपल्या सदाशिव पेठेतल्या फ्लॅटचं ते बोळकांडीएवढं स्वयंपाकघर. मी ओट्याखाली फतकल मारून पाढे लिहिते आहे. आई उकळत्या आमटीचं पातेलं उतरवते आहे. सांडशी निसटते. आई पातेलं नुसत्या हातांनी धरते, दोन्ही हातांनी, आणि सोडत नाही. वळते, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला नीट ठेवते, आणि मग नळ सोडून हात खाली धरते. तोंडातून आवाज नाही. तुम्ही दारात वर्तमानपत्र घेऊन उभे. बर्फ आणला नाहीत, शेजारच्या डॉक्टरांना हाक मारली नाहीत. म्हणालात, "इतका वेळ धरून ठेवलंस? तुझी प्रतिक्षिप्त क्रिया मंद दिसते." आई म्हणाली, "खाली पोरगी बसली होती हो." तुम्ही म्हणालात, "ते मेंदूला कळतं. हाताला कळत नाही." आई नळाखालच्या हातांकडे बघत म्हणाली, "माझ्या हाताला कळलं." तुम्ही तिला अडाणी ठरवलंत आणि माझ्या पाढ्यांच्या वहीत मागच्या पानावर तुमचे ते दोन बाण काढून दाखवलेत. आईच्या तळहातांवर फोड आले होते आणि तुम्ही मला पेन्सिल टोकदार करायला सांगत होतात.

म्हणून नववीच्या सहामाहीत मी तिसरा बाण काढला. मेंदूपासून खाली मेरुरज्जूकडे, आणि शेजारी लिहिलं, 'मेंदू हात सोडू देत नाही.' पुस्तकात नव्हतं, पण डोळ्यांनी पाहिलं होतं. तुम्ही माझा पेपर वर्गासमोर वाचलात. "बाईसाहेबांच्या मेंदूला नसत्या उठाठेवी करायची सवय आहे. पाचपैकी शून्य. बाण काढायची हौस असेल तर तिरंदाजी शिका." चाळीस मुलं हसली. मी तुमची मुलगी म्हणून ती जरा जास्तच हसली. पुढे फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला आमच्या एका बाईंनी शिकवलं, की मेंदूकडून खाली येणारे तंतू असतात, ते पाठीच्या कण्यातल्या त्या झटक्याला आवर घालू शकतात. आणि उदाहरण काय दिलं? गरम भांडं आणि जवळ बसलेलं मूल. माझं पेन तिथेच थांबलं. त्याच संध्याकाळी धावत घरी येऊन मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि म्हणालात, "नववीला ते नव्हतं." एवढंच. आई तेव्हा होती. तिने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या आणि पोळी लाटत राहिली.

मी डॉक्टर झाले नाही याचं तुम्हाला दुःख होतं, आणि ते तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला वाटून हलकं करायचात. "आमची कन्या मालिश शिकते," असं पाहुण्यांना सांगायचात. लग्न मी धायरीच्या मुलाशी केलं, शेती असलेल्या घरात, तेव्हा तर कहरच झाला. तुमच्या लेखी पुणं लकडी पुलापाशी संपत होतं. त्यापलीकडे सगळी खेडी, आणि खेड्यात फक्त सहल न्यायची असते. लग्नात माझ्या सासूबाईंनी तुमच्या पाया पडायला हात पुढे केले तर तुम्ही दोन पावलं मागे सरलात, जणू त्यांच्या हाताला शेण लागलंय. त्यांनी ते पाहिलं. नंतर मला एकदाच म्हणाल्या, "तुझं वडील लई शिकल्यालं हायेत बाई, जरा जपून ऱ्हात्यात." त्यांचा तो जपून शब्द मी तुमच्यापर्यंत कधी पोचवला नाही.

आई गेल्यावर तुम्ही एकटेच राहात होतात. शिकवण्या चालू होत्या. साखर निघाली होती, पण पेढे बंद केले म्हणजे साखर संपली असा तुमचा हिशेब. तुमचे पाय हळूहळू मुके होत होते हे मला खूप आधी दिसायला लागलं. पाठीपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारे तंतू शरीरातले सगळ्यात लांब. साखरेने सडायला लागतात ते आधी टोकाकडून, म्हणून पहिली बातमी बंद पडते ती अंगठ्याची, मग चवड्याची, मग टाचेची. माणसाला वाटतं पाय जरा जड झालेत. तुम्ही बेसिनशी तोंड धुताना एक हात नळावर घट्ट ठेवायला लागलात, कारण साबणासाठी डोळे मिटले की तुमचा तोल जायचा. जमीन कुठे आहे हे सांगणारे पाय गप्प झाले, की ते काम डोळ्यांना करावं लागतं, आणि डोळे मिटले की माणूस झुलतो. हे तुम्ही स्वतः शिकवलेलं. स्वतःच्या पायांना लागू करायचं मात्र तुमच्या गावीही नव्हतं.

आणि ती एप्रिलमधली दुपार. तुम्ही पुढे, मी चार पावलं मागे, कारण तुमच्या बरोबरीने चालण्याची पद्धत आपल्यात नव्हती. तुमची उजवी चप्पल पायातून निसटून रस्त्यातच राहिली आणि तुम्ही तसेच पुढे गेलात. डांबर पाघळलेलं. स्कूटरवरच्या एका कॉलेजच्या मुलीने हाक मारली, "काका, ओ काका, चप्पल राहिली तुमची!" तुम्ही वळलात, रस्त्यात पडलेल्या चपलेकडे बघितलंत, स्वतःच्या उघड्या पायाकडे बघितलंत, आणि म्हणालात, "माझी नाही ती." आणि एक पाय अनवाणी, एक चपलेत, असे ताठ मानेने घरापर्यंत चालत गेलात. ती मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी ती चप्पल उचलली, हातात धरून तुमच्या मागोमाग आले आणि रॅकमध्ये तिच्या जोडीदारणीशेजारी ठेवली. त्यावर आपण दोघं कधीही बोललो नाही. चप्पल नाकारणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, नंतरही पाहिला नाही.

मग क्लिनिकच्या उद्घाटनाचा दिवस. सासूबाईंनी आपल्या घराखालचा गाळा मला दिला होता. भाडेकरू काढून दिला होता, हे मुद्दाम सांगते, कारण तुम्ही तेव्हा त्यांना 'जागा बरी आहे, पण वस्ती कोंदट' असं म्हणाला होतात. नवं टेबल, नवं घड्याळ, पूजा, पेढे. पहिली पेशंट म्हणून सासूबाईच टेबलावर चढल्या. त्यांनाही साखर. मी समजावून सांगितलं, कळलं तर हो म्हणा. "डोळं मिटू व्हय? बरं." त्या हो म्हणायच्याऐवजी हाय म्हणत होत्या. "हाय. हाय. हाय. आता न्हाय बाई कळलं. लावलंस का तू?" लावला होता. वीसपैकी सोळा झाले. "चार गेलं का गं? म्हंजी तितं काटा रुतला तर मला उमगायचं न्हाय?" मी म्हटलं, नाही उमगणार, रोज डोळ्यांनी बघायचं. "बगीन की, डोळं हायेत अजून," म्हणाल्या आणि उतरल्या. झालं. जमलेल्या लोकांत त्यांना लाज वाटली नाही, वाईट वाटलं नाही. नाही कळलं तर नाही कळलं.

तुम्ही खुर्चीतून विचारलंत, "किती पडले विहीणबाईंना?" सोळा म्हटल्यावर तुमच्या ओठांची डावी कड जराशी वर गेली. वर्गात सोळा मार्क सांगताना जायची तशीच. चपला काढून, धोतर सावरून तुम्ही टेबलावर आडवे झालात. "घे." मी दोरा लावायला लागले. "हो. पुढे," तुम्ही म्हणालात. तोंडी परीक्षेत मुलांना म्हणायचात ते 'पुढे', फक्त या वेळी मुलगा तुम्ही होतात. "हो. पुढे. हो. पुढे." सातव्या जागेला बाहेर कोणी हॉर्न वाजवला, मी दचकून हात मागे घेतला, आणि तुम्ही म्हणालात, "हो. पुढे." मी हातातल्या दोऱ्याकडे बघत राहिले. दोरा हवेत होता. मग मी मुद्दाम तीन वेळा लावलाच नाही. तीनही वेळा हो. तेव्हा मला भिंतीवरचं नवं घड्याळ ऐकू आलं. तुम्ही त्याचे ठोके मोजत होतात. एका ठरावीक तालावर मी दोरा लावते हे सासूबाईंची परीक्षा बघतानाच तुमच्या लक्षात आलं होतं आणि तुम्ही पायांचं काम कानांवर सोपवलं होतं. मग मी हात बराच वेळ आवरून धरला आणि तुमच्या उजव्या टाचेवर दोरा दाबला, वाकला, आणखी दाबला. तुम्ही गप्प. ताल चुकला होता ना. टाचेत सुरी घातली असती तरी तुम्ही गप्पच राहिला असता.

खरं सांगते, त्या क्षणी मला तुमची दया आली नाही. किळस आली. साठी उलटलेला माणूस, चेतासंस्थेचा म्हणे जाणकार, एका शेतकरी बाईपेक्षा चार मार्क जास्त पडावेत म्हणून स्वतःच्याच पायांशी खोटं बोलतो आहे. आणि डोळे मिटून, चेहऱ्यावर तो पहिल्या बाकावरच्या मुलाचा आज्ञाधारकपणा. तुम्ही डोळे उघडलेत. "किती?" सगळे माझ्याकडे बघत होते, सासूबाईसुद्धा. मी म्हटलं, "वीसपैकी वीस." कार्डावर तसं लिहिलं आणि सही केली. तुम्ही कार्ड हातात घेतलंत, लांब धरून वाचलंत, आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "शाबास." मी बत्तीस वर्षांची होते. तोवर तुमच्या तोंडून मी तो शब्द दुसऱ्यांच्या मुलांसाठीच ऐकला होता.

पुढच्या रविवारी तुम्ही स्वतःहून धायरीला आलात, बसने, काखेत गुंडाळलेला तक्ता घेऊन. चेतासंस्थेचा तक्ता, शाळेतून निवृत्तीच्या वेळी मागून आणलेला, शिकवणीच्या खोलीत तुमच्या डोक्यामागे कायम असणारा. "तुझ्या भिंती बोडक्या आहेत. हा लाव," म्हणालात. सकाळीच भिंतीवरून उतरवला होतात. सोबत काडेपेटीत पितळेच्या चपट्या डोक्याच्या पिना. मी काडेपेटी उघडली तर तीनच. "चौथी पडली कुठेतरी. चौथ्या कोपऱ्याला चिकटपट्टी लाव." इतकं बोलून तुम्ही दाराशी चपला काढल्यात आणि आत निघालात, आणि फरशीवर टिक, टिक असा आवाज यायला लागला. एका पायाचाच. सासूबाई ताटं घेत होत्या. त्या थांबल्या. "व्याही, पायात काय वाजतंय तुमच्या?" तुम्ही म्हणालात, "तुमच्या फरशीवर खडी आहे." आणि टिक टिक करत पाटापर्यंत गेलात. मागे फरशीवर चवलीएवढे लाल ठिपके. "अहो रगत हाय!" त्या ओरडल्या, ताट खाली ठेवून पुढे झाल्या आणि ज्या माणसाने आपल्या हातांना हात लावू दिला नव्हता, त्याचा पाय दोन्ही हातांनी धरून त्यांनी उलटा केला. चौथी पिन उजव्या टाचेत बुडापर्यंत बसलेली. चपलेत पडली असणार. सदाशिव पेठेतून धायरीपर्यंत, बसथांब्यावर उभं राहून, बसची पायरी चढून, तुम्ही तिच्यावर सगळा भार देत आला होतात.

फळ्यावरची टाचणी, बाबा. टोचली, पाय उचलला, मेंदूला विचारलं का. तुमचा पहिला बाणच उरला नव्हता, आणि त्या बाणाचं चित्र तुम्ही मला बक्षीस द्यायला आला होतात.

सासूबाईंनी पिन उपसून कचऱ्यात टाकली. मी जखम धुतली, पट्टी बांधली, उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे चला म्हटलं, पाय टेकू नका म्हटलं. "एवढ्याशा टोचणीला?" मी म्हटलं, तुम्हाला कळलं नाही, म्हणजे पाय बधिर झालाय. आणि तुम्ही सदऱ्याच्या खिशातून कार्ड काढलंत. घडी घालून जवळ बाळगत होतात. "हे कोणी लिहून दिलं? वीसपैकी वीस. सही कोणाची आहे?" सासूबाई कोशिंबीर वाढता वाढता थांबून माझ्याकडे बघत होत्या. तेव्हा सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं, मी लावला नव्हता तेव्हाही तुम्ही हो म्हणालात. मी म्हटलं, "सही माझी आहे." तुम्ही म्हणालात, "मग?" आणि वरणभात कालवायला लागलात. मी तुमच्यावर तोंडातून निघेल ते बोलले, हट्टी आहात, ऐकत नाही कुणाचं, सगळं बोलले. तेवढं एक वाक्य सोडून.

मग तुम्ही दुखत नाही म्हणजे बरं आहे, या तुमच्या शास्त्रीय निष्कर्षावर तीन आठवडे त्याच टाचेवर चाललात. मी फोन केला की म्हणायचात, डॉक्टरांना दाखवलं, मलम दिलंय. आलीस की बघ, पण येऊ नकोस, शिकवणी आहे. दाखवलं नव्हतंत. हळद भरत होतात. शिकवणीतल्या एका मुलीच्या आईने मला कळवलं, की सरांच्या खोलीत वास येतो. मी आले तेव्हा तुम्ही खुर्चीत तापाने थरथरत होतात आणि पोरांना परावर्तनाचे नियम सांगत होतात. हाडापर्यंत पू गेला होता. गुडघ्याखालून पाय काढावा लागला. संमतीच्या कागदावर सही करायला तुमच्या हातात पेन दिलं तर आधी कागदावरची शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केलीत.

इस्पितळात चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही मला खुणेने जवळ बोलावलंत. नर्स जाईपर्यंत थांबलात आणि दबक्या आवाजात म्हणालात, "अंगठ्याला आग होते आहे." मी म्हटलं, कुठल्या. तुम्ही डोळ्यांनी चादर सपाट होती तिकडे बघितलंत. असलेल्या पायाबद्दल तुम्ही छातीठोक खोटं बोलला होतात, आणि आता नसलेल्या पायाबद्दल खरं बोलायची तुम्हाला लाज वाटत होती. मी सांगितलं, मेंदूत पायाचा नकाशा तसाच राहतो, पाय गेला तरी. खालून काहीच बातमी येत नाही, म्हणून मेंदू स्वतःच बातम्या तयार करतो. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "पाठ्यपुस्तकात नाही हे." तुमचा अंगठा नसताना जळत होता, आणि तरी तुमचा विश्वास पुस्तकावर होता! मी घरून कपाटाचा आरसा काढून आणला, तुमच्या दोन पायांच्या मधे उभा धरला, आणि डावा पाय हळूहळू हलवायला लावला, म्हणजे आरशात उजवाच हलताना दिसावा. मेंदूला दिसलं की त्याची कावकाव जरा थांबते. तुम्ही हलवत राहिलात. तुमच्या कपाळाच्या आठ्या एकेक करून गेल्या, मुठी सैल झाल्या, मी डोळ्यांनी बघत होते. विचारलं, "बरं वाटतंय?" तुम्ही म्हणालात, "नाही." नाही म्हणायचं तिथे परीक्षेत हो म्हणणाऱ्या माणसाने हो म्हणायचं तिथे नाही म्हटलं, आणि मी आरसा धरून हात भरून येईपर्यंत उभी राहिले.

त्याच वर्षी तुम्ही गेलात. अठरा वर्षं होतील आता. सासूबाईंनी ऐंशी कधीच पार केली. रोज संध्याकाळी वरच्या गॅलरीत बसून हातआरशात तळपाय बघतात, दहाही बोटं शाबूत आहेत, आणि काही दिसलं की वरून हाक मारतात, "ये गं जरा, हितं लाल हाय." त्यांच्या एका हायवर मी पेशंट सोडून वर जाते. तुमचा तक्ता अजून क्लिनिकमध्ये आहे, तीन पिना आणि एक चिकटपट्टी. त्यावरच्या पायाच्या चित्रात मी लाल पेनाने मेंदूपासून खाली एक बाण काढला आहे. विद्यार्थी येतात शिकायला, त्यांना मी पहिल्या दिवशी सांगते, ताल धरू नका, मधेमधे दोरा लावूच नका, आणि पेशंट तुमचा बाप असला तर दुसऱ्या कोणालातरी तपासायला सांगा. ते हसतात. त्यांना तो विनोद वाटतो.

हे पत्र तुम्हाला पाठवायची सोय नाही ते बरंच आहे, नाहीतर तुम्ही ते लाल खुणा करून परत पाठवलं असतंत. ड्रॉवरमध्ये तुमचं ते कार्ड आहे, त्याच्याखाली ठेवते. लोकांना मी सांगते, त्या दिवशी मी वडिलांना घाबरून वीस लिहिले. नवऱ्यालाही तेच सांगितलं आहे. खोटं आहे ते. मी अजिबात घाबरले नव्हते. तुम्ही खोटं बोलताय हे मला स्पष्ट कळलं होतं, आणि त्याच वेळी हेही कळलं होतं की सोळाच्या वरचा कुठलातरी आकडा मी बोलले तर तुम्ही मला काय म्हणाल. ते मला हवं होतं. नंतर जेवताना कार्ड पुढे केलंत तेव्हाही मी गप्प बसले ती तेवढ्यासाठीच, ते परत द्यायचं नव्हतं मला. आज त्या हेडक्लार्कला खरे अकरा मार्क दिले तर तो तोंड वेडंवाकडं करून गेला. तुम्हाला खोटे वीस दिले, तर तुम्ही सगळ्यांसमोर शाबास म्हणालात. तुमचा पाय गेला, पाठोपाठ तुम्ही गेलात, आणि तो शब्द आठवला की मला अजूनही बरं वाटतं.